हजार आवाजांचा धनी

बहुरूपी दारात आला की आपण त्याचे सोंग पाहतो. आज तो पोलीस असतो, उद्या वैद्य, परवा बैरागी. पण सोंगाखालचा माणूस आपल्याला दिसत असतो आणि जाताना तो हात पुढे करून आपली बिदागीही मागून घेतो. कलावंतांची एक जात मात्र अशी आहे की तिला सोंग आहे आणि चेहरा नाही. बंद खोलीत ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून ही माणसे बोलतात, हसतात, रडतात, खोकतात. त्यांचा आवाज घरोघर पोचतो, मुलांच्या तोंडी बसतो आणि ज्याचा तो आवाज, तो रस्त्याने चालला तर कोणी वळूनसुद्धा पाहत नाही.

अमेरिकेचा मेल ब्लँक हा या जातीचा कुलपुरुष म्हणावा लागेल. गाजर चघळणारा बग्ज बनी नावाचा ससा, चिडखोर डॅफी बदक, तोतरे पोर्की डुक्कर, फुत्कारत बोलणारा सिल्व्हेस्टर बोका आणि त्याला सदैव हुलकावणी देणारे ट्वीटी नावाचे पिवळे पिल्लू, ही सारी मंडळी ज्या एका गळ्यातून बोलली, तो गळा या माणसाचा. हजार आवाजांचा माणूस अशी पदवी त्याला लोकांनी दिली होती. त्याचे चरित्र वाचताना मात्र मनात राहतो तो आवाजांचा आकडा नव्हे. आवाज आपला, पण त्यावर नाव कोणाचे, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

मेलचा जन्म ३० मे १९०८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांचा तयार कपड्यांचा व्यवसाय होता. पुढे हे कुटुंब ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी गेले आणि मेलचे बालपण तिथेच सरले. पोर्टलंडमध्ये देशोदेशींची माणसे येऊन वसली होती. प्रत्येकाची इंग्रजी निराळी, हेल निराळा. दुकानदार कसा बोलतो, म्हातारी शेजारीण शब्द कसा ओढते, हे तो पोरगा कान देऊन ऐके आणि घरी येऊन हुबेहूब करून दाखवी. त्याची पहिली शाळा हीच. फी नाही, हजेरी नाही. फक्त कान उघडे हवेत.

खऱ्या शाळेत मात्र त्याचे फारसे जमले नाही. शाळेच्या लांबलचक ओवरीत मोठ्याने हसले की आवाज घुमून परत येतो, हा शोध त्याला लागला होता. एक विचित्र, खिंकाळल्यासारखे हास्य त्याने बसवले आणि त्यापायी बोलणीही खाल्ली. त्याचे मूळ आडनाव ब्लँक, म्हणजे इंग्रजीत कोरा, रिकामा. एका शिक्षिकेने त्यावरून त्याला टोचले की तू नावासारखाच रिकामा राहणार. हा घाव त्याच्या इतका जिव्हारी लागला की सोळाव्या वर्षी त्याने आडनावातले शेवटचे अक्षर बदलले आणि ‘के’च्या जागी ‘सी’ लिहू लागला. गंमत अशी की उच्चार तोच राहिला. कानाला काहीच फरक नाही. कागदावर मात्र ‘कोरा’ हा अर्थ पुसला गेला. ज्याची सारी हयात पुढे कानांच्या दुनियेत जायची होती, त्याने पहिली लढाई लेखी नावासाठी लढावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

१९२७ साली पोर्टलंडच्या केजीडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर ‘हूट आउल्स’ नावाच्या विनोदी कार्यक्रमात त्याला प्रवेश मिळाला. तो व्हायोलिन आणि ट्यूबा वाजवीत असे, वाद्यवृंदही चालवी. संगीताची ही बैठक त्याला जन्मभर उपयोगी पडली. आवाजाची पट्टी, लय आणि विशेषतः विराम यांची जाण गाण्याबजावण्याशिवाय सहसा येत नाही. १९३३ साली त्याचे एस्टेल रोझेनबाम हिच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी केईएक्स केंद्रावर नवराबायकोंचा ‘कॉबवेब अँड नट्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. सोमवार ते शनिवार, रोज रात्री अकरा ते बारा. दुसरे नट घ्यायला केंद्राची परवानगी नव्हती. मग काय करणार? जितकी पात्रे तितके आवाज मेलनेच काढायचे. रोज तासभर नवा मजकूर आणि नवी माणसे. दोन वर्षे हा घाणा त्याने ओढला. आज आपण ज्याला त्याची प्रतिभा म्हणतो, तिच्यातला निम्मा वाटा या दोन वर्षांच्या नाइलाजाचा आहे.

१९३५ साली दोघे लॉस एंजलिसला गेले. वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टूनपट तयार करणाऱ्या लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओत काम मिळावे ही मेलची आकांक्षा होती. तो जाई, दारावरचा अधिकारी सांगे की आम्हाला लागतात तेवढे आवाज आमच्याकडे आहेत. पंधरा दिवसांनी मेल पुन्हा हजर. दीड वर्ष आपण असे खेटे घातले, असे तो पुढे सांगत असे. अखेर त्या अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली आणि ध्वनिसंकलक ट्रेग ब्राउन याने त्याचे ऐकून घेतले. ऐकले आणि लगेच दिग्दर्शकांना बोलावून आणले. पहिले काम मिळाले ते एका दारू प्यालेल्या बैलाचे, १९३७ सालच्या ‘पिकाडोर पोर्की’ या चित्रात. दीड वर्षाच्या तपश्चर्येचे फळ म्हणून झिंगलेला बैल! पण मेलने तो बैलही जीव ओतून केला.

त्याच वर्षी पोर्की डुकराचा आवाज त्याच्याकडे आला. आधीचा नट जो डॉहर्टी खरोखरच तोतरा होता. त्याचे अडखळणे त्याच्या ताब्यात नसल्यामुळे ध्वनिमुद्रण लांबत जाई. मेलने विचार केला की डुक्कर बोलू लागले तर त्याचे अडखळणे कसे असेल? ते त्याच्या गुरगुरण्यातून येईल. ही गुरगुर त्याने लयीत बांधली. कुठे अडायचे आणि कुठे सुटायचे ते मोजून ठरवले. खरे तोतरेपण आणि कलेतले तोतरेपण यांतला फरक एवढाच, पण तोच सारा आहे.

कार्टूनपटात आधी चित्र आणि मग आवाज, असा आपला समज असतो. या स्टुडिओत उलट चाले. दिग्दर्शक पात्राची रेखाटने दाखवी, स्वभाव सांगे. मेल त्याला आवाज देई आणि ते ध्वनिमुद्रण सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने मोजून चित्रकार ओठ, हात, भुवया काढीत. म्हणजे चित्राच्या अंगी जीव आधी आवाजाने येई. १९४० साली टेक्स एव्हरी याच्या ‘अ वाइल्ड हेअर’ या चित्रात बग्ज बनी अवतरला. ससा भित्रा नाही, गल्लीतला बेरकी पोरगा आहे, हे कळताच मेलने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या दोन वस्त्यांच्या बोलीचे मिश्रण त्याच्या तोंडी घातले. गाजराचा आवाज मात्र गाजराशिवाय दुसऱ्या कशाने येईना. म्हणून मेल खरे गाजर चावी, ध्वनिमुद्रण थांबवून तोंडातला चोथा थुंकी आणि पुढचे वाक्य म्हणे. डॅफी आणि सिल्व्हेस्टर हे मुळात एकाच जातीचे आवाज. डॅफीचा आवाज यंत्राने जलद केलेला, बोक्याचा तसाच ठेवलेला. पण जलद झाल्यावरही शब्द न् शब्द कळावा म्हणून मुद्रणाच्या वेळी किती स्वच्छ आणि सावकाश बोलावे लागत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रेडिओचे कामही चालूच होते. १९३९ साली जॅक बेनी या लोकप्रिय विनोदवीराच्या कार्यक्रमात त्याला घेतले ते अस्वलाची डरकाळी फोडण्यासाठी. काही महिने नुसत्या डरकाळ्या फोडल्यावर, आपल्याला माणसासारखे बोलताही येते, असे त्याने बेनीला नम्रपणे कळवले म्हणे! बेनी पोट धरून हसला आणि नव्या नव्या भूमिका सुरू झाल्या. एकदा बेनीच्या खटारा मोटारीच्या आवाजाचे यंत्र ऐन वेळी चालेना. मेलने क्षणाचाही विलंब न लावता ध्वनिक्षेपक गाठला आणि खोकणारी, शिंकणारी, धापा टाकणारी ती मोटार स्वतःच्या गळ्यातून काढली. तेव्हापासून ते काम कायमचे त्याचे झाले.

आता नावाची गोष्ट. कार्टूनपटांच्या श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्यांची नावे नसत. मेलने श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. श्लेसिंगर पैशाच्या बाबतीत हात आखडता घेणारा. पगार वाढवत नसाल तर पडद्यावर नाव तरी द्या, असे मेलने सुचवले आणि फुकटात काम भागते आहे हे पाहून मालकाने ते मान्य केले. जानेवारी १९४४ मध्ये झळकलेल्या ‘लिटल रेड रायडिंग रॅबिट’ या चित्रात त्याचे नाव पहिल्यांदा दिसले. त्या एका ओळीने पगारवाढीपेक्षा कितीतरी अधिक कमावून दिले. रेडिओची कामे आपणहून चालत आली. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, सीबीएसवर त्याच्याच नावाचा कार्यक्रमही सुरू झाला. तो मात्र एका हंगामापुरताच चालला.

पण या यशाची दुसरी बाजू सांगितली नाही तर चरित्र अपुरे राहील. सशामागे बंदूक घेऊन धावणाऱ्या एल्मर फडचा आवाज आर्थर क्यू. ब्रायन या नटाचा होता. अनेक स्त्रीपात्रांचे आवाज बी बेनाडरेट हिचे. त्यांची नावे बरीच वर्षे पडद्यावर आलीच नाहीत. प्रेक्षकांनी सगळे आवाज मेलचेच मानले. ज्या अन्यायाशी तो झगडला, तो त्याच्यापुरता दूर झाला. इतरांच्या वाट्याला आलेला अंधार तसाच राहिला.

आणि खुद्द त्यालाही एकदा हार पत्करावी लागली. शाळेच्या ओवरीतले ते हास्य त्याने १९४० साली वॉल्टर लँट्झच्या वुडी वुडपेकर या सुतारपक्ष्याला दिले होते. १९४१ साली श्लेसिंगरशी करार झाल्यावर दुसऱ्या कार्टूनपटांचे काम त्याला बंद झाले, पण मुद्रित झालेले हास्य लँट्झच्या चित्रांतून वाजतच राहिले. १९४८ साली त्या पक्ष्यावरचे गाणे देशभर गाजले, तेव्हा मेल न्यायालयात गेला. त्याने आपल्या हास्याचा हक्क नोंदवून राखला नव्हता. निकाल विरुद्ध गेला आणि पुढे आपसात तडजोड झाली. स्वतःचे हसू स्वतःचे आहे हे सिद्ध करता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते?

२४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजलिसमधील सनसेट बुलेव्हार्डच्या कुप्रसिद्ध वळणावर त्याच्या मोटारीची समोरून आलेल्या मोटारीशी टक्कर झाली. पाय मोडले, कमरेचे हाड मोडले, डोक्याला जबर मार लागला. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. पत्नी आणि मुलगा नोएल उशाशी बसून हाका मारीत, पण ओ येत नव्हती. एके दिवशी डॉक्टरांनी त्याला मेल म्हणून न पुकारता बग्ज बनी म्हणून त्याची विचारपूस केली आणि त्या निश्चल देहातून क्षीण स्वरात सशाच्या आवाजात उत्तर आले! मग ट्वीटीला विचारले. ट्वीटीनेही उत्तर दिले. ही हकीकत तो आणि त्याचा मुलगा पुढे अनेकदा सांगत. वैद्यकशास्त्र याचा उलगडा कसा करील तो करो. ज्या पात्रांना त्याने वीस वर्षे जीव दिला, त्यांनी ऐन वेळी तो परत केला, असेच आपल्या मनाला वाटते.

त्या वेळी ‘फ्लिंटस्टोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत बार्नी रबल हे पात्र तो करीत असे. काही भागांपुरते ते काम डॉज बटलर या त्याच्या व्यवसायबंधूने सांभाळले. नंतर अंगभर प्लास्टरमध्ये जखडलेल्या मेलच्या बिछान्याभोवती सहकलाकार जमले, त्याच्या तोंडावर ध्वनिक्षेपक टांगला गेला आणि काम सुरू झाले. पडद्यावरचा बार्नी हसतखेळत उड्या मारीत होता. त्याचा आवाज उताणा पडून होता. मुलांना याचा पत्ताही लागला नाही.

१९६२ साली मुलाबरोबर त्याने जाहिरातींची संस्था काढली आणि आपले आवाज मुलाला शिकवले. १९८८ साली ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटात ऐंशीच्या घरातला मेल पुन्हा बग्ज, डॅफी, पोर्की होऊन बोलला. १० जुलै १९८९ रोजी लॉस एंजलिस येथे त्याचे निधन झाले. हृदयविकाराबरोबर फुप्फुसांचा जुनाट विकारही होता. अनेक दशके ओढलेल्या सिगारेटींनी आपला हिशेब चुकता केला होता. गळ्यावर पोट असलेल्या माणसाने गळ्याशी केलेले हे वैर त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.

आपल्या महाविद्यालयातही कोणी नाट्यवाचनात भाग घेतो, कोणी आकाशवाणीच्या चाचणीला जातो, कोणाला अनुभाषणाच्या म्हणजे डबिंगच्या क्षेत्रात शिरायचे असते. नुसता गोड गळा लाभला म्हणजे झाले, असा अनेकांचा समज असतो. मेल ब्लँकचे आयुष्य वेगळेच सांगते. आधी कान तयार करा. माणूस ओळखा, मग त्याचा आवाज आपोआप सापडतो. बैल मिळाला तर बैलही मनापासून करा. आणि आपल्या कष्टांवर आपले नाव मागायला लाजू नका. मात्र शेजारच्याचे नाव राहून गेले असेल तर तेही मागा.

हॉलिवूडच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावरील शिळेवर, पोर्की डुक्कर चित्राच्या शेवटी प्रेक्षकांचा निरोप घेताना जे शब्द म्हणे, ते कोरलेले आहेत. त्यांच्याखाली त्याचे नाव आहे, त्याने स्वतः लिहिले होते तसेच, शेवटी ‘सी’ असलेले. ज्याला रिकामा म्हटले होते, त्याचे नाव दगडावर भरलेले आहे.