एडविन लँड

एडविन हर्बर्ट लँड (७ मे, १९०९:ब्रिजपोर्ट, कनेटिकट, अमेरिका - १ मार्च, १९९१:केंब्रिज, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे अमेरिकन शास्त्रज्ञ, संशोधक आणि उद्योजक होते. ते पोलरॉइड कॉर्पोरेशनचे सहसंस्थापक होते. छायाचित्र टिपताच त्याची छापील प्रत देणारा इन्स्टंट कॅमेरा आणि त्याची फिल्म यांच्या शोधासाठी ते ओळखले जातात. त्यांच्या नावावर ५३५ अमेरिकन पेटंटे आहेत.

== सुरुवातीचे जीवन ==
लँड यांचे शालेय शिक्षण नॉर्विच फ्री अकॅडमीमध्ये झाले. हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतल्यानंतर पहिल्याच वर्षी ते शिक्षण सोडून न्यू यॉर्कला गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी प्रकाशाच्या ध्रुवणाचा अभ्यास केला. प्रयोगांसाठी ते रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत परवानगीविना शिरत असत. ध्रुवणासाठी एकच मोठा स्फटिक न वापरता असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रचून प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात बसवण्याची युक्ती त्यांनी शोधली व १९२९मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे ते हार्वर्डला परतले, परंतु पदवी न घेताच बाहेर पडले.

१९३२मध्ये त्यांनी जॉर्ज व्हीलराइट यांच्यासह प्रयोगशाळा स्थापन केली. १९३७मध्ये तिचे रूपांतर पोलरॉइड कॉर्पोरेशनमध्ये झाले. मोटारींच्या दिव्यांची डोळे दिपवणारी तिरीप ध्रुवक पत्र्याने रोखावी, ही लँड यांची मूळ आकांक्षा होती. मोटार उद्योगाने ती स्वीकारली नाही. मात्र उन्हाचे चष्मे आणि कॅमेऱ्याचे फिल्टर यांमुळे कंपनीचा जम बसला.

== इन्स्टंट कॅमेरा व फिल्म ==
१९४३मध्ये सांता फे येथे सहलीला गेले असता लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने, नुकताच काढलेला फोटो लगेच का पाहता येत नाही, असे विचारले. त्यावर फिरता फिरता विचार करून तासाभरातच आपण कॅमेरा व फिल्म यांचा आराखडा मनाशी तयार केला, असे लँड नंतर सांगत. २१ फेब्रुवारी, १९४७ रोजी न्यू यॉर्क येथे ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सभेत त्यांनी स्वतःचेच छायाचित्र काढून हे तंत्र दाखवले.

या शोधाचा गाभा कॅमेऱ्यात नसून फिल्ममध्ये होता. निगेटिव्ह आणि छपाईचा कागद एकत्र दोन रुळांमधून ओढले जात. त्या दाबाने रसायनाची लहानशी पुडी फुटून दाट द्रावण दोहोंमध्ये सारखे पसरे. ज्या भागावर प्रकाश पडलेला नसे, तेथील चांदीचे क्षार विरघळून कागदावर जात व तेथे चित्र उमटे. अशा रीतीने अंधारखोलीतील सारे काम एका पातळ थरात होऊ लागले.

'मॉडेल ९५' हा पहिला कॅमेरा २६ नोव्हेंबर, १९४८ रोजी बॉस्टनमधील जॉर्डन मार्श या दुकानात ८९.७५ डॉलरला विक्रीस आला. त्याच दिवशी दुकानातील सर्व कॅमेरे विकले गेले. सुमारे एका मिनिटानंतर मागील झाकण उघडून छायाचित्र सोलून काढावे लागे. आरंभीची चित्रे तपकिरी छटेची होती. १९५०मध्ये कृष्णधवल फिल्म आली, परंतु तिची चित्रे फिकी पडू लागल्याने त्यांवर हाताने संरक्षक लेप लावावा लागे. या फिल्मच्या संशोधनात मेरोई मॉर्स यांचा, तर १९६३मध्ये आलेल्या 'पोलाकलर' या रंगीत फिल्ममध्ये हॉवर्ड रॉजर्स यांचा मोठा वाटा होता.

== एसएक्स-७० ==
१९७२मध्ये आलेला 'एसएक्स-७०' हा घडी घालून कोटाच्या खिशात ठेवता येणारा कॅमेरा होता. यात दृश्य थेट भिंगातूनच दिसे व प्रकाशाचे प्रमाण आपोआप ठरे. दहा चित्रांच्या प्रत्येक फिल्म-पाकिटातच बॅटरी असल्याने ती वेगळी बदलावी लागत नसे. मोटरने बाहेर आलेले चित्र उजेडातच उमटे. सोलणे, लेप लावणे किंवा कचरा टाकणे उरले नाही. द्रावणातील प्रकाशरोधक रंगद्रव्ये चित्र तयार होईपर्यंत त्याचे उजेडापासून रक्षण करत व नंतर स्वतः रंगहीन होत.

== वाद आणि अपयश ==
दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगावे लागणाऱ्या पासांवरील छायाचित्रांसाठी पोलरॉइडची सामग्री वापरली जात होती. १९७०मध्ये कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले. कंपनीने प्रारंभी केवळ तेथील सरकारला होणारी विक्री थांबवली. १९७७मध्ये तिने त्या देशातील व्यवसाय बंद केला.

१९७६मध्ये कोडॅकने स्वतःचा इन्स्टंट कॅमेरा आणल्यावर पोलरॉइडने पेटंटभंगाचा दावा दाखल केला. १९८५मध्ये निकाल पोलरॉइडच्या बाजूने लागला व १९८६मध्ये कोडॅकला या व्यवसायातून बाहेर पडावे लागले.

लँड यांच्या आग्रहाने १९७७मध्ये बाजारात आलेली 'पोलाव्हिजन' ही झटपट चलचित्र यंत्रणा मात्र अपयशी ठरली. तिच्या मूक फिल्मची लांबी जेमतेम अडीच मिनिटांची होती आणि व्हिडिओ टेप तिच्याहून सोयीची होती. बाजाराची पाहणी करण्यापेक्षा स्वतःच्या कल्पनेवर विसंबण्याच्या ज्या वृत्तीतून एसएक्स-७० घडला, तिचीच ही दुसरी बाजू होती.

== अखेरची वर्षे आणि वारसा ==
१९८०मध्ये लँड यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले व १९८२मध्ये ते कंपनीतून पूर्णपणे बाहेर पडले. स्वतः स्थापन केलेल्या रोलँड इन्स्टिट्यूट फॉर सायन्समध्ये त्यांनी रंगदृष्टीवरील संशोधन सुरू ठेवले. त्यांना १९६३मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम आणि १९६७मध्ये नॅशनल मेडल ऑफ सायन्स हे सन्मान मिळाले होते.

पोलरॉइडने २००१मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २००८मध्ये फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याची घोषणा केली. चालू स्थितीतील असंख्य कॅमेरे त्यामुळे निरुपयोगी ठरण्याची वेळ आली. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे इम्पॉसिबल प्रोजेक्ट या गटाने घेतली. जुनी रसायने मिळत नसल्याने नवी रचना शोधून त्यांनी २०१०मध्ये फिल्म बाजारात आणली. त्यामुळे एसएक्स-७० हा कॅमेरा आजही वापरता येतो.