विनोबा भावे आणि दूध: अल्सर असलेल्या एका माणसाच्या आयुष्यातून काय समजतं?

गाईचं दूध प्यावं की पिऊ नये, हा वाद सध्या घराघरांत पोहोचला आहे. एकीकडे दूध म्हणजे पूर्णान्न ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. दुसरीकडे, प्रौढ माणसाला दुधाची गरजच नाही असं सांगणारे व्हीडिओ फिरत असतात. जळगाव-धुळ्याकडे या वादाला आणखी एक फाटा आहे. घट्ट सायीचं म्हशीचं दूध चांगलं की गाईचं पातळ दूध चांगलं?

या प्रश्नाकडे एका माणसाच्या आयुष्यातून पाहता येतं. आचार्य विनोबा भावे यांनी स्वतःच्या आहाराचे तोळ्यामापात प्रयोग केले. पोटात अल्सर असताना ते दूध-दह्यावर राहिले आणि त्याच आहारावर हजारो मैल चालले. त्यांच्या गीतेवरच्या प्रवचनांचा जन्म धुळ्याच्या तुरुंगात झाला आणि त्यांच्या वडिलांनी शेवटचा श्वासही धुळ्यातच घेतला.

आईचं विरजण, वडिलांचे प्रयोग

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावात झाला. आई रखुमाबाई अत्यंत श्रद्धाळू होत्या. रात्री दुधाला विरजण लावतानाही त्या देवाचं नाव घेत. यात देवाला कशाला मध्ये आणायचं, असं लहानग्या विनायकानं विचारलं होतं. आपण आपलं काम नीट केलं तरी दही लागणं त्याच्या कृपेवर आहे, अशा अर्थाचं आईचं उत्तर विनोबांनी पुढे अनेकदा सांगितलं.

वडील नरहरपंत वेगळ्या वळणाचे होते. ते बडोद्यात नोकरीला होते. कापड आणि रंग यांच्या रसायनशास्त्रात त्यांना रस होता आणि कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय ते मानत नसत. पुढे मधुमेह झाल्यावर त्यांनी आहार बदलून तो आटोक्यात ठेवण्याचे प्रयोग केले. सोयाबीनचा अनुभव त्यांनी गांधीजींनाही कळवला होता.

आईची श्रद्धा आणि वडिलांची मोजून पाहण्याची सवय या दोन्ही गोष्टी विनोबांच्या ताटात शेवटपर्यंत दिसतात.

६० तोळे दूध

मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. तिथून ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. पुढच्या वर्षी अभ्यास आणि प्रकृती यासाठी त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिक्षण घेतलं.

रजा संपत आली तेव्हा १९१८च्या सुरुवातीला त्यांनी गांधीजींना एक सविस्तर पत्र लिहिलं. त्यात अभ्यास आणि पायी प्रवास यांच्यासोबत आहाराचाही हिशेब होता. एक महिना त्यांनी फक्त दूध, केळी आणि लिंबू यांवर काढून पाहिला होता. पण त्यानं ताकद कमी झाली, म्हणून तो प्रयोग सोडला. नंतर ठरलेला रोजचा आहार असा होता: ६० तोळे दूध, २० तोळ्यांच्या ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळालं तर एक लिंबू.

एक तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. म्हणजे दूध झालं सुमारे ७०० ग्रॅम, पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी. ज्वारी, केळी आणि दूध हे ताट खानदेशातल्या माणसाला परकं वाटणार नाही. जळगावच्या केळीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

नुसत्या दूध-केळीवर ताकद का गेली असावी? दुधात प्रथिनं, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व चांगलं असतं, पण लोह फारच कमी असतं आणि तंतू अजिबात नसतात. केळी तंतू आणि साखर देतात, तरी लोहाची उणीव भरून काढत नाहीत. शिवाय या दोहोंतून कष्टाच्या कामाला पुरेल एवढी ऊर्जा मिळवायची तर प्रमाण बरंच वाढवावं लागतं. भाकरी परत आली तेव्हा आहाराचा तोल सावरला. दूध पूर्णान्न आहे या समजुतीची मर्यादा विनोबांना अशी २२व्या वर्षीच अनुभवाला आली.

गंमत अशी की हा हिशेब ज्यांना पाठवला त्या गांधीजींनी १९१२पासून दूध सोडलेलं होतं. दूध हा प्राण्यापासून आलेला आहार आहे आणि माणसाला त्याची गरज नाही, असं त्यांचं मत होतं. पण १९१८मध्ये खेडा जिल्ह्यातल्या धावपळीत ते आमांशानं गंभीर आजारी पडले. अशक्तपणा हटेना. डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा व्रत गाई-म्हशीच्या दुधापुरतं होतं असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला आणि १९१९च्या सुरुवातीला गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. ही तडजोड त्यांना आयुष्यभर सलत राहिली. दुधाला तोड असणारा वनस्पतिजन्य आहार ते शोधत राहिले, पण तसा सापडल्याचं त्यांना कधी म्हणता आलं नाही.

धुळ्याचा तुरुंग

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले. १९३२च्या सविनय कायदेभंगात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात झाली. जमनालाल बजाज आणि साने गुरुजीही तिथे होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून साने गुरुजी चळवळीत उतरले होते.

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. ती अठरा प्रवचनं साने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. त्याचं पुस्तक झालं आणि ते भारतातल्या बहुतेक भाषांत गेलं. या प्रवचनांत आहाराचाही विचार येतो. पदार्थ कोणता यापेक्षा तो किती आणि कशासाठी खातो, याला विनोबा जास्त महत्त्व देतात.

सततच्या कष्टांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. १९३८च्या सुरुवातीला त्यांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आलं होतं. गांधीजींनी हवापालट करायला सांगितलं. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी विनोबांनी वर्ध्याजवळच्या पवनारची निवड केली. तिथे आश्रमाच्या चिंता बाजूला ठेवून मोजका आहार आणि थोडं थोडं वाढवत नेलेलं खोदकाम, असा क्रम त्यांनी ठेवला. वर्षभराच्या आत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढलं.

१९४१मध्ये वर्ध्यात गोसेवा संघ सुरू झाला. जमनालाल बजाज त्याचे प्रमुख होते. संघाच्या सदस्यांनी गाईचंच दूध-तूप वापरावं असा नियम होता. त्यामागचं कारण आरोग्याइतकंच शेतीचंही होतं. गाय बैल देते, पण शहरी गिऱ्हाईक सायीसाठी म्हशीचं दूध मागतं, त्यामुळे गाय शेतकऱ्याला परवडेनाशी होते, असा तो विचार होता. विनोबा या कामाशी जोडलेले राहिले.

ऑक्टोबर १९४७मध्ये धाकटे भाऊ शिवाजीराव यांच्याकडे धुळ्यात असताना नरहरपंतांचं निधन झालं. अस्थी नदीत सोडण्याऐवजी विनोबांनी त्या तिथेच मातीत पुरल्या आणि वर तुळस लावली.

अल्सर आणि दही

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. विनोबा पुढची तेरा वर्षं देशभर पायी फिरले. ४० लाख एकरांहून जास्त जमिनीचं दान जाहीर झालं, पण त्यातली बरीच जमीन प्रत्यक्ष वाटली गेली नाही. १९५८मध्ये यात्रा महाराष्ट्रात होती. सातपुड्यातल्या अक्राणी भागात आदिवासी गावांनी ग्रामदान केलं होतं.

या काळात विनोबांना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण, म्हणजे ड्युओडेनल अल्सर होता. पहाटे उठून रोज १५-२० किलोमीटर चालणारा हा माणूस दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं दूध किंवा दही, त्यासोबत मध किंवा गूळ, एवढ्यावरच राहत असे. डिसेंबर १९५२मध्ये बिहारमधल्या चांडिल इथे त्यांना जीवघेणा मलेरिया झाला, तेव्हा आधी त्यांनी औषध नाकारलं. देशभरातून विनंत्या आल्यावर ते घेतलं आणि ते वाचले.

अल्सरवर दूध हा फक्त विनोबांचा हट्ट नव्हता. जगभरातले डॉक्टर तेव्हा हेच सांगत. शिकागोचे डॉ. बर्ट्राम सिपी यांनी १९१५मध्ये दर तासाला दूध-साय देण्याची पद्धत मांडली होती आणि ती अनेक दशकं चालली. दूध प्यायलं की जळजळ थांबते, हा रुग्णाचा अनुभवही खरा होता.

पण पुढे संशोधनातून वेगळं चित्र समोर आलं. दूध पोटातल्या आम्लाचा जोर थोडा वेळच कमी करतं. त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल तयार करायला लावतात. १९८६मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये भारतीय डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांना सिमेटिडिन हे औषध दिलं होतं. चार आठवड्यांनी नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांचा अल्सर भरला, तर मुख्यतः दुधावर ठेवलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांचाच भरला.

अल्सरचं मोठं कारणही तोपर्यंत सापडलं होतं. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू १९८२मध्ये प्रयोगशाळेत वाढवला. त्याबद्दल त्यांना २००५मध्ये नोबेल मिळालं. आज अशा अल्सरवर प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या यांचा साधारण दोन आठवड्यांचा उपचार असतो. त्यामुळे आज कोणी अल्सरसाठी फक्त दुधावर राहत असेल, तर ते उपचार टाळणंच ठरतं.

मग दूध-दह्यानं विनोबांचं नुकसान झालं का? एका माणसावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. इतक्या कमी खाणाऱ्या माणसाला चांगली प्रथिनं त्यातूनच मिळत होती. दह्याचा एक फायदाही आहे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात आधीच फोडतात. भारतात अनेक प्रौढांना दुधानं पोट फुगतं, कारण लॅक्टोज पचवणारं विकर वयानुसार कमी होतं. अशा लोकांना दही किंवा ताक बहुधा सोसतं.

शेवटची वर्षं

१९५९मध्ये विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. उतारवयात गोहत्याबंदी हा त्यांचा मुख्य आग्रह झाला. पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये बंदी व्हावी म्हणून त्यांनी २२ एप्रिल १९७९पासून पाच दिवस उपवास केला. नोव्हेंबर १९८२मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचं निधन झालं. १९८३मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

मग आज काय करायचं?

गाईबद्दलची श्रद्धा आणि दुधाचा आरोग्यावर होणारा परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यायचं आहे. दुसऱ्याबद्दल बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं ते एवढं:

- निरोगी माणसाला सोसत असेल तर रोज एक-दोन कप दूध किंवा तेवढं दही चांगलं. सोसत नसेल तर डाळी, तीळ, नाचणी, हिरव्या भाज्या, अंडी यांतून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळू शकतं. दूध, अंडी, मासे, मांस यातलं काहीच न घेणाऱ्यांनी मात्र ब-१२ची तपासणी करून घ्यावी.
- गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते साडेचार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के. वजन किंवा कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर गाईचं किंवा साय काढलेलं दूध बरं. कष्टाचं काम करणाऱ्या सडपातळ माणसाला म्हशीचं दूध वाईट नाही.
- एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नये.
- गोठ्यातून आणलेलं दूध उकळूनच घ्यावं. क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून येऊ शकतात.
- पोटात वारंवार जळजळ होत असेल, काळी शौच होत असेल किंवा वजन घटत असेल तर दुधावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावं.

विनोबांनी स्वतःच्या शरीरावर जे करून पाहिलं, ते मोजून आणि लिहून ठेवलं आणि पटलं नाही तेव्हा बदललं. मात्र अल्सरचं खरं कारण समजायला लागलं, त्याच वर्षी ते गेले. त्यांना न मिळालेली ती माहिती आज आपल्याकडे आहे.