डॉक्टर आंबेडकर व आपली राज्यघटना

कर्जत तालुक्यातील आपल्या पुष्कळांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची मनाई होती. यास्तव भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र आपण अवश्य जाणावे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील पलटणीत सुभेदार होते. तरी साताऱ्याच्या शाळेत या मुलास इतरांपासून वेगळे बसवीत. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे त्यांनी मोठी विद्या संपादन केली व ती आपल्या लोकांच्या उद्धारार्थ वेचली. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारोंसह प्राशन केले.

१९४७ साली ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. तिच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २५व्या कलमाने, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांस बाध न येता, धर्म मानण्याची, आचरण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक सर्वांस दिली. स्वतः त्यांनी १९५६ साली बौद्ध धर्म स्वीकारला व त्याच वर्षी ६ डिसेंबरास ते निवर्तले. परंतु ही मोकळीक आपल्या उपदेशकांसही लाभली आहे.

बंधुत्वावाचून स्वातंत्र्य व समता टिकत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. तर मग आम्ही विचारतो: प्रभुभोजनास एकत्र बसणारे आपण सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारतो काय? कायद्याने विहीर खुली होते. अंतःकरण खुले करणे हे मंडळीचे काम आहे.