चार्ल्स बॅबेज यांची गिरणी

चार्ल्स बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील पेढीवाले होते. लहानपणी नवीन खेळणे मिळाले की बॅबेज आईला विचारीत, ह्याच्या आत काय आहे? उत्तर पटले नाही तर खेळणे मोडून बघत. आम्ही असे केले तर मार बसतो. पुढे ते केंब्रिजला शिकले. गणितात फार हुशार होते.

त्या काळी ताऱ्यांचे व आकड्यांचे तक्ते माणसे हाताने करीत. जहाजवाले तेच तक्ते बघून समुद्रात वाट काढीत. तक्ता चुकला तर जहाज खडकावर जायचे भय. १८२१ साली बॅबेज आणि त्यांचे मित्र जॉन हर्शेल असे तक्ते तपासत बसले होते. चुकांवर चुका निघाल्या. बॅबेज वैतागले. हे काम वाफेच्या यंत्राने व्हावे असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी पितळी चाकांचे यंत्र करायला घेतले. सरकारने पैसे दिले. पण १८२७ या एकाच वर्षात त्यांचे वडील, मुलगा आणि पत्नी वारली. नंतर कारागिराशी भांडण झाले आणि १८३३ मध्ये काम बंद पडले. सरकारचे १७,००० पौंडांच्या वर गेले होते.

दुसरा कोणी गप्प बसला असता. बॅबेज यांनी १८३४ मध्ये त्याहून मोठ्या यंत्राचे चित्र काढायला घेतले. त्याचे नाव अ‍ॅनालिटिकल इंजिन. मला हेच यंत्र फार आवडते, कारण त्यात गिरणी आहे! हो, बॅबेज यांनीच एका भागाला गिरणी आणि दुसऱ्याला कोठार म्हटले. कोठारात संख्या ठेवायच्या. आपण कणगीतले धान्य गिरणीत नेतो तशा त्या गिरणीत न्यायच्या. तिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करायचा आणि उत्तर पुन्हा कोठारात. पण कोणते चाक कधी फिरवायचे हे गिरणीला कोण सांगणार? त्यासाठी खुंट्या बसवलेला रूळ होता. आणि कोणते गणित करायचे ते भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे सांगत. फ्रान्समधल्या जॅकार्ड यांच्या रेशमी मागावर अशी कार्डे होती, ती युक्ती त्यांनी घेतली.

सगळ्यात त्रास झाला तो हातच्याचा. माझाही हातचा नेहमी विसरतो. ९९९९ मध्ये १ मिळवा, हातचा एकेका घरातून पुढे सरकत जातो. बॅबेज यांना तर पन्नास आकडी संख्या हव्या होत्या. एवढी घरे चालायला वेळ लागणार. म्हणून हातचा कुठे कुठे येणार हे आधीच ओळखून सगळी चाके एकदम सरकतील अशी रचना त्यांनी शोधली.

आपल्या शाळेतल्या संगणकात प्रोसेसर नावाची लहानशी चकती असते. तिच्यातही गणित करणारा भाग वेगळा आणि हुकूम देणारा भाग वेगळा. संख्या आठवणीच्या जागेतून येतात व परत जातात. हातचा आधी ओळखायची युक्तीसुद्धा तिच्यात करतात. फक्त चाकांऐवजी वीज.

एडा लव्हलेस या बाईंना हे यंत्र नीट समजले होते. १८४३ मध्ये त्यांनी त्याच्यावर गणित कसे चालवायचे ते पायऱ्या पायऱ्यांनी लिहून छापले. यंत्र तर अजून झालेच नव्हते!

ते झालेही नाही. पैसे मिळाले नाहीत, आणि बॅबेज रोज चित्रे सुधारत राहिले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी ते वारले. त्यांचा मुलगा हेन्री याने म्हातारपणी, १९१० मध्ये, गिरणीचा थोडा भाग करून दाखवला. १९९१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेज यांच्या चित्रांवरून तक्ते करणारे दुसरे यंत्र बनवले, आणि ते बरोबर चालले. पण ती मोठी गिरणी आणि कोठार अजून कोणी पुरे बांधलेले नाही.

इयत्ता ४ थी