आधी बोट, मग पेन्सिल

आमच्या वस्तीतल्या बालवाडीत जून उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. आया पोरांना सोडायला येतात, दाराशी घुटमळतात आणि विचारतात, ताई, याला लिहायला कधी येणार? शेजारचा चार वर्षांचा पोरगा एबीसीडी काढतो, मग आमचाच मागे का? यातल्या कितीतरी जणींना सहीपुरतंच लिहिता येतं. त्यामुळे त्यांची घाई मला कळते.

अगदी हाच प्रश्न १९०७ साली रोममधल्या एका गरीब चाळीत विचारला गेला होता. विचारणाऱ्या आयाही अशाच होत्या, निरक्षर आणि कष्टकरी. ज्यांना विचारला त्या डॉ. मारिया माँटेसरी. बी.ए.ला असताना आमच्या पुस्तकात बाईंना दोन ओळीत उरकलं होतं. परीक्षेनंतर मी त्या विसरूनही गेले. पुढे माझा मुलगा चार वर्षांचा असताना रोज पानभर ‘लेखन’ घरी यायचं. एका संध्याकाळी ‘अ’ची गाठ जमेना म्हणून मी त्याच्या हातावर फटका मारला. दुसऱ्या दिवशी पेन्सिल सापडेना. ती सापडली तांदळाच्या डब्यात! तेव्हा मी बाईंचं चरित्र शोधून वाचलं.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाले गावचा. वडील सरकारी हिशेबनीस, आईला वाचनाची आवड. मुलगी आधी इंजिनीअर व्हायचं म्हणत होती, मग डॉक्टर व्हायचं म्हणू लागली. वडिलांना ते पसंत नव्हतं, आई मात्र पाठीशी उभी राहिली. रोमच्या मेडिकल कॉलेजात मुलांबरोबर शवविच्छेदन करणं बाईमाणसाला शोभणारं नव्हतं, म्हणून बाकीचे गेल्यावर संध्याकाळी ती एकटी प्रेतांपाशी बसून अभ्यास करायची. १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीत तेव्हा स्त्री डॉक्टर बोटावर मोजण्याइतक्याच.

काम मिळालं ते मनोरुग्णालयाशी संबंधित. तिथं मतिमंद म्हणून टाकून दिलेली मुलं मोठ्या वेड्यांबरोबर ठेवलेली असत. या मुलांना औषधापेक्षा शिकवण्याची गरज आहे, असं तिच्या मनानं घेतलं. ईतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं लिखाण तिनं स्वतःच्या हातानं इटालियनमध्ये उतरवून काढलं, शेकडो पानं! नीट समजावं म्हणून. मग अशा मुलांच्या शाळेत सकाळी आठ ते संध्याकाळी सात ती राबली.

त्या शाळेतल्या एका मुलीला शिवण येत नव्हतं. सुई कापडातून वर-खाली घालणं काही केल्या जमेना. बाईंनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. ती जमल्यावर पुन्हा सुई दिली, तर मुलगी शिवायला लागली. बाईंनी यातून ओळखलं की जे काम शिकवायचं, त्याची हालचाल हाताला आधी वेगळ्या, सोप्या कामातून शिकवावी. लिहिण्याचंही तसंच. पेन्सिल धरणं एक, अक्षराचं वळण दुसरं, आणि त्या अक्षराचा आवाज तिसरं. आपण तिन्ही एकदम मागतो आणि जमलं नाही की फटका देतो.

१९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो भागात दुरुस्त केलेल्या एका चाळीत त्यांनी ‘बालकांचं घर’ सुरू केलं. आईबाप कामावर गेले की पोरं जिने आणि भिंती खराब करायची, म्हणून चाळवाल्यांनीच एक खोली दिली होती. पन्नासेक पोरं, तीन ते सात वयाची. आयांनी अक्षरांचा आग्रह धरला तेव्हा बाई सुरुवातीला टाळत होत्या. इतक्या लवकर नको, असं त्यांनाही वाटायचं. मग ऐकलं. लाकडी अक्षरांचा संच करून मिळेना, तेव्हा त्यांनी कागद कापून अक्षरं केली, काही तर पॉलिश पेपरची, म्हणजे सुतार लाकूड घासतो त्याची. मूल दोन बोटांनी खरबरीत अक्षर गिरवणार आणि गिरवताना त्याचा आवाज म्हणणार. नाव नव्हे, आवाज!

हल्ली गल्लोगल्ली फोनिक्सचे क्लास निघालेत, त्यांचं मूळ याच विचाराशी जातं. सी, ए, टी म्हणून ‘कॅट’ ऐकू येत नाही, त्या अक्षरांचे आवाज जोडले तरच येतो. आपलं मराठी त्या मानानं सोपं. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. आणि धूळपाटीवर बोटानं धुळाक्षरं गिरवणं तर आपल्या आजोबा-पणजोबांनी केलेलंच आहे. मी बालवाडीत ताटात रवा पसरते. ग, म, भ, न पासून सुरुवात, कारण त्यांच्या उभ्या काठीनं हात स्थिरावतो. पॉलिश पेपरही आणून पाहिला, पण पोरांना रवाच जास्त आवडतो. (तो संपतोही लवकर, ते सोडा.)

तर त्या चाळीत डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी बाई मुलांना घेऊन गच्चीवर बसल्या होत्या. पाच वर्षांच्या एका पोराला त्यांनी खडू दिला आणि धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं काढलं, बाईंनी शाबासकी दिली. पोरगा क्षणभर थांबला आणि आपल्याला लिहिता येतं म्हणून ओरडायला लागला. फरशीवर त्यानं ‘हात’ लिहिलं, मग ‘धुराडं’, मग ‘छप्पर’. त्याला लिहायला कुणी बसवलंच नव्हतं. मग बाकीच्यांचीही झुंबड उडाली. पोरं घरीदारी लिहीत सुटली. जमिनी वाचवायला आयांनी कागद-पेन्सिल आणून दिली. एक पोरगा तर दिवसभर लिहून पेन्सिल हातात धरूनच झोपला. आणि आमच्याकडे तांदळाच्या डब्यात!

वाचन नंतर आलं. बाईंनी खेळण्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. चिठ्ठी वाचणाऱ्याला ते खेळणं मिळायचं. थोड्या वेळानं पोरांनी खेळणी बाजूला सारली आणि नुसत्या चिठ्ठ्याच मागितल्या.

पुढे बाईंचं नाव जगभर झालं. त्या भारतात येण्याआधीच गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत भावनगरात रुजवली होती.

पण चरित्रातलं एक पान वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. बाईंना मुलगा होता, मारिओ, १८९८ साली झालेला. त्याचे वडील बाईंबरोबर काम करणारे डॉक्टर. लग्न झालेलं नव्हतं. मूल उघड झालं असतं तर नोकरी, नाव, सगळंच गेलं असतं. म्हणून त्याला खेड्यातल्या एका कुटुंबाकडे ठेवलं. आई अधूनमधून भेटायला जायची, पण आपण कोण हे न सांगता. गच्चीवर तो पोरगा ‘हात’ लिहीत होता तेव्हा मारिओ नऊ वर्षांचा होता. परक्यांच्या पोरांची पहिली अक्षरं बाईंनी डोळे भरून पाहिली. तेव्हा स्वतःचा मुलगा दुसऱ्यांच्या घरी वाढत होता. बाईंची आई १९१२ मध्ये वारली, त्यानंतर त्यांनी त्याला आपल्याकडे आणलं. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तरीही लोकांत तो भाचा म्हणूनच ओळखला जाई. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. त्या काळच्या बाईपुढे दुसरा रस्ता कुठला होता?

१९३९ मध्ये दोघं मद्रासजवळ अड्यारला शिक्षिकांचा वर्ग घ्यायला आले. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली, इटालियन माणसं शत्रू ठरली आणि मारिओला आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत नेऊन ठेवलं. बाईंना अड्यारबाहेर जायला बंदी. ३१ ऑगस्ट १९४० ला त्या सत्तर वर्षांच्या झाल्या. त्या दिवशी व्हाइसरॉयकडून तार आली की वाढदिवसाची भेट म्हणून मारिओला सोडत आहोत. तारेत भाचा म्हटलेलं नव्हतं, मुलगा म्हटलं होतं.

नगरहून तो अड्यारला परतला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.