पिशवी कुणाला विचारून काढली?

फॅनी लू हेमर हे नाव अमेरिकेत मतदानाच्या हक्कासाठी लढलेली कृष्णवर्णीय बाई म्हणून घेतलं जातं. ते बरोबरच आहे. पण तिच्या लढ्याची गोष्ट सांगताना मतपेटीच्या आधी एका ऑपरेशन टेबलापाशी थांबावं लागतं. हा भाग बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, म्हणून आज तोच जरा सविस्तर.

फॅनीचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ चा, मिसिसिपी राज्यातला. २० भावंडांतलं शेंडेफळ. आईवडील गोऱ्या मालकाच्या रानात वाट्याने कापूस करायचे. वाट्याने म्हणजे कष्ट यांचे आणि वर्षअखेरचा हिशेब मालकाच्या वहीत. त्या वहीत हे कायम देणेकरीच. सहाव्या वर्षी फॅनी कापूस वेचायला लागली. शाळा लवकर सुटली, पण वाचता यायचं, आकडेमोड जमायची. म्हणून पुढे एका मोठ्या मळ्यावर तिला हजेरी आणि वजनं टिपायचं काम मिळालं. मालकाचा काटा खोटा असायचा. मग ही पठ्ठी आपलं खरं वजन लपवून रानात न्यायची आणि मालक नजरेआड असला की त्यावर लोकांचा कापूस तोलून द्यायची!

याच मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या पेरी हेमरशी तिचं लग्न झालं. दोघांनाही मूल हवं होतं, पण गरोदरपण टिकत नव्हतं. शेवटी त्यांनी दुसऱ्या गरीब घरांतल्या दोन मुली आपल्या म्हणून वाढवल्या.

१९६१ मध्ये फॅनीच्या गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं. ती आपल्या पायांनी हॉस्पिटलात गेली, गाठ काढायला तिची काहीच हरकत नव्हती. डॉक्टरांनी गाठीबरोबर अख्खी पिशवीच काढून टाकली. आधी विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही.

मग तिला कळलं कसं? तर मळ्यावरच्या कुजबुजीतून. मालकाची बायको त्या डॉक्टरांच्या नात्यातली. तिच्या तोंडून गोष्ट मालकाच्या स्वयंपाकघरात पोचली, स्वयंपाकीण फॅनीच्या नात्यातली, आणि तिथून मळाभर झाली. जिच्या शरीराबद्दल सगळे बोलत होते, तिच्या कानावर ती सर्वांत शेवटी आली. फॅनी त्या डॉक्टरांकडे गेली आणि असं का केलं, एवढंच विचारलं. ते काही बोलले नाहीत. बोलायची त्यांना गरजच नव्हती. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या बाईने गोऱ्या डॉक्टरवर केस करायची म्हणजे जिवाशी खेळ होता. तिने केस केली नाही.

आता कुणी म्हणेल, बाईची चाळिशी उलटली होती, पिशवीत गाठ होती, मग ठेवून तरी काय करायचं होतं? हे वाक्य आपल्याकडच्या घरांतही सर्रास ऐकू येतं. कदाचित नीट समजावून सांगितलं असतं तर फॅनी हो म्हणालीही असती. पण तो हो किंवा नाही म्हणायचा हक्क तिचा होता. बेशुद्ध माणसाला तो वापरता येत नाही, म्हणून विचारायचं आधी असतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये नेमकं हेच सांगितलं. दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या बाईने फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. तिला भूल दिल्यावर डॉक्टरांनी बाहेर येऊन तिच्या आईला विचारलं आणि गर्भाशय, अंडाशय दोन्ही काढलं. कोर्ट म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची नव्हे. पेशंट सज्ञान असेल आणि लगेच जिवाला धोका नसेल, तर आईची संमतीही चालणार नाही. आणि आपल्या बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या? त्यांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती.

फॅनीकडे वळू. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६२ मध्ये, गावातल्या चर्चमधल्या सभेत तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला मत देता येतं. वय ४४! ३१ ऑगस्टला १८ जण बसने नाव नोंदवायला गेले. तिथे राज्यघटनेतलं एक कलम समजावून सांगायची परीक्षा होती, ती नापास करण्यासाठीच ठेवलेली. येताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग जास्त पिवळा आहे म्हणून दंड ठोकला. त्याच रात्री मालकाने तिला मळ्यावरून काढलं. काही दिवसांनी ती जिथे उतरली होती त्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या जेलमध्ये तिला इतकं मारलं की मूत्रपिंडाला झालेली इजा आयुष्यभर राहिली.

तरी ती बोलायची थांबली नाही. त्या काळात बायका नवऱ्याशीही अशा विषयावर मोकळेपणाने बोलत नसत, आणि ही १९६४ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन आपल्या ऑपरेशनबद्दल सगळ्यांसमोर बोलली. तिच्या अंदाजाने तिच्या भागातल्या हॉस्पिटलात गेलेल्या दर १० काळ्या बायकांपैकी ६ जणींची नसबंदी झाली होती. अपेंडिक्सच्या नावाखाली गर्भाशय काढायचे, म्हणून या प्रकाराला मिसिसिपी अपेंडेक्टॉमी हे नाव पडलं, ते तिच्यामुळेच सगळीकडे पोचलं. त्याच वर्षी मिसिसिपीच्या विधिमंडळात, लग्नाशिवाय मुलं झालेल्या बायकांना तुरुंग किंवा नसबंदी, असं विधेयक आलं होतं. फॅनी आणि तिच्या साथीदारांनी आवाज उठवल्यावर नसबंदीचा भाग गळला.

ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिची साक्ष टीव्हीवर चालू होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे तिच्यावरून हटवले. चॅनेलांनी रात्री तीच साक्ष पुन्हा दाखवली, त्यामुळे उलट जास्त लोकांनी पाहिली.

अलाबामात १९७३ मध्ये १४ आणि १२ वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची नसबंदी झाली. आईला वाचता येत नव्हतं. गर्भनिरोधक इंजेक्शनचा कागद समजून तिने त्यावर फुली मारली होती. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यातून सरकारी पैशाने होणाऱ्या ऑपरेशनांसाठी १९७८ मध्ये नियम आले. नसबंदीसाठी वय किमान २१, सही आणि ऑपरेशन यांच्यात साधारण ३० दिवस, प्रसूतीच्या कळा चालू असताना सही घ्यायची नाही. पिशवी काढायची असेल तर यानंतर मूल होणार नाही, हे बाईला तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगायचं, आणि तसं सांगितल्याच्या कागदावर तिची सही घ्यायची.

फॅनी त्याच्या आदल्या वर्षी, १४ मार्च १९७७ ला, ५९ व्या वर्षी गेली. स्तनाचा कॅन्सर झाला होता.