पाचगणीचा फ्रेडी आणि ऑपेरातल्या बाई

मैत्रिणींनो, परवा आमच्या भिशीची सहल पाचगणीला गेली होती. टेबललँडवर फोटो काढून झाले, स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन झालं. निघताना लेकीनं बजावलं होतं, सेंट पीटर्स शाळा बघून ये, तिथं फ्रेडी मर्क्युरी शिकलाय. मी आपलं हो म्हटलं. खरं सांगते, मला ते नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर लेकीनंच त्याची सगळी कहाणी सांगितली, गाणी ऐकवली, आणि त्या रात्री काही केल्या मला झोप लागेना.

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. गुजराती बोलणाऱ्या पारशी घरातला मुलगा, जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील तिथं ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला बोटीत बसवून शिकायला धाडलं ते थेट आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये. आठ वर्षांचं लेकरू, आई समुद्रापलीकडे! पण इथंच तो पियानो शिकला आणि मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड काढला.

1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. तिथं 1970 मध्ये ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला आणि फारुखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बली मैदानात ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम झाला, तेव्हा जेमतेम वीस मिनिटांत त्यानं अख्खं मैदान आपल्या तालावर नाचवलं. पैसा, नाव, कशालाच कमी नव्हती.

तरीही हा माणूस एका जागी बसणारा नव्हता. 1979 मध्ये रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर नाचला. 1981 मध्ये डेव्हिड बोवीबरोबर गायला. पण त्याच्या मनात वेगळंच काही घर करून होतं. 1983 च्या सुमारास तो लंडनला ऑपेरा ऐकायला गेला. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच समजा, फक्त बोलणंही बहुतेक गाण्यातूनच. गेला होता पावारोत्तीला ऐकायला. पण मोन्सेरात काबाये या स्पेनच्या गायिकेनं सूर लावला आणि हा बाकी सगळं विसरला. पुढं स्पेनच्या टीव्हीवर त्यानं जाहीरच करून टाकलं की जगात हिच्यासारखं कुणी गात नाही.

मार्च 1987 मध्ये बार्सिलोनाच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. स्टेडियम गाजवणारा हा गडी त्या दिवशी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घाबरला होता म्हणे. बरोबर एक टेप नेली होती. त्यात बाईंच्या ढंगानं, बारीक आवाजात त्यानं स्वतः गायलेलं होतं. बाईंना ते इतकं आवडलं की थोड्याच दिवसांनी लंडनच्या मैफलीत त्यांनी तेच गाणं गायलं, फ्रेडी समोर बसलेला असताना! मग रात्र रात्र पियानोभोवती गाणं रंगलं. आपल्या गावावर एक गाणं कर, असं बाईंनी सुचवलं आणि ‘बार्सिलोना’ जन्माला आलं.

आणि याच वर्षी त्याला कळलं की आपल्याला एचआयव्हीची लागण झालीय. तेव्हा या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती. एचआयव्ही म्हटलं की लोक पेल्याला हात लावायलाही घाबरायचे. हा मात्र स्टुडिओत जाऊन बसला. संगीतकार माइक मोरन पियानोवर. बाईंना वेळ कमी, म्हणून फ्रेडी त्यांच्या ओळीही आधी स्वतः बारीक आवाजात गाऊन ठेवी, ती टेप त्यांच्याकडे जाई, त्या तयारी करून येत आणि गाऊन जात. रॉकवाल्यांना हे विचित्र वाटलं, ऑपेरावाल्यांनी नाकं मुरडली. त्याला पर्वा नव्हती.

8 ऑक्टोबर 1988 ला बार्सिलोनात स्पेनच्या राजाराणीसमोर दोघं रंगमंचावर आले. गाणं रेकॉर्डवरचं होतं, दोघांनी नुसते ओठ हलवले. पण त्यानंतर गाण्यासाठी फ्रेडी पुन्हा कधीच रंगमंचावर उभा राहिला नाही. 23 नोव्हेंबर 1991 ला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पारशी पद्धतीनं प्रार्थना झाल्या. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाला ऑलिंपिक भरलं, तेव्हा ते गाणं पुन्हा जगभर घुमलं. 1999 मध्ये त्याच शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर बाईंनी ते गायलं. फ्रेडीचा आवाज होता, पण रेकॉर्डवरचा. 2018 मध्ये बाईही गेल्या.

मला राहून राहून एकच वाटतं. शिखरावरचा माणूस दुसऱ्याच्या कलेपुढं पुन्हा विद्यार्थी झाला, तेही दिवस मोजके उरलेत हे ठाऊक असताना. आपण मात्र चाळिशी उलटली की म्हणतो, आता या वयात काय शिकायचं? लोक हसतील.

माझी पेटी लग्नानंतर दोनच वर्षांत माळ्यावर गेली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. परवा ती खाली काढली. भाता फाटलाय, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दुरुस्तीला टाकलीय. येत्या गुरुवारी मिळेल म्हणाले. गल्लीत एक मुलगी गाणं शिकवते, माझ्या लेकीएवढीच आहे. तिच्याकडं जायचं ठरवलंय. जाताना पोटात गोळा येणारच. पण फ्रेडीच्याही आला होता की!